कड जुळली पाहिजे

एप्रिल सरत आला की आमच्या बाजूला गडग्यांची कामं निघतात. कुठे गुरांनी पाडलेला असतो, कुठे फणसाच्या मुळाने आतून ढकलल्यामुळे पोट आलेलं असतं, कुठे मागच्या पावसात पाण्याने वाट काढलेली असते. गडगा घालणारा माणूस ढिगातला एक जांभा दगड उचलतो आणि दोन्ही हातांत धरून फिरवतो. एक बाजू बघतो, दुसरी बघतो, पुन्हा पहिली. दगड जिथे बसवायचा त्या जागेकडे त्याचं फारसं लक्ष नसतं. ती त्याने आधीच मनात मोजून ठेवलेली असते. मग दगड खाली जातो आणि बसतो. चुना नाही, सिमेंट नाही, माती नाही. खालच्या दोन दगडांच्या कडा आणि वरच्याचं वजन, एवढ्यावर तो गडगा कित्येक पावसाळे काढतो. एखादा दगड कितीही फिरवला तरी बसत नाही. तो कुणी टाकून देत नाही. हाताशी ठेवतात, चार हात पुढे गेल्यावर त्याची जागा येते.

पावसाळ्यात हेच फिरवणं मला आमच्या ओटीवर बघायला मिळतं. पुठ्ठ्याचा जाड चौकोनी तुकडा, तळहातात मावेल एवढा, आत्याच्या बोटांत फिरत असतो. त्याच्या एका कडेला शहराची तटबंदी, दुसऱ्या कडेला रस्ता, उरलेल्या दोन कडांना हिरवं शेत. चटईवर आधी मांडलेल्या तुकड्यांशी तो जुळला पाहिजे: शहराला शहर, रस्त्याला रस्ता, शेताला शेत. खेळाचं नाव कार्कासोन. भाच्याने पुण्याहून आणला तेव्हा खोक्यावरचं किल्ल्याचं चित्र बघून आत्याने विचारलं होतं, ह्यात लढाई आहे का? नाही म्हटल्यावर ती येऊन बसली.

रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत पडून जातो. जुलैत संध्याकाळी वीज गेली की ती कधी येईल याचा नेम नसतो. कॅरम तेव्हा उपयोगाचा नसतो. दमट हवेने फळी जड होते आणि कितीही पावडर टाकली तरी सोंगटी मध्येच थांबते. पत्ते चालतात, पण तेही हाताला चिकटायला लागतात. कार्कासोनचे तुकडे जाड पुठ्ठ्याचे, त्यांनाही हवा लागते आणि कडा फुगतात. म्हणून ते खोक्यातून काढून आम्ही फणसपोळीच्या पत्र्याच्या डब्यात ठेवतो. डबा उघडला की अजून फणसाचा वास येतो. आमच्या घरातल्या लहान पोरांना हा खेळ त्या वासासकट आठवणार आहे.

क्लाऊस-युर्गेन व्रेडे या जर्मन माणसाने हा खेळ रचला आणि तो २००० साली बाजारात आला. दुसऱ्याच वर्षी त्याला जर्मनीतला वर्षातल्या उत्तम खेळाचा मान मिळाला. ज्या गावाचं नाव त्याला दिलं ते दक्षिण फ्रान्समध्ये आहे, ओद नदीच्या काठी, एकात एक अशा दोन तटांच्या आत. एकोणिसाव्या शतकात तो तट पडायला आला होता. व्हिओले-ल-द्युक या वास्तुकाराने १८५३ पासून त्याची डागडुजी चालवली, आणि ती करताना मूळ काय होतं आणि त्याच्या मनातलं काय, यावर तेव्हापासून वाद चालू आहे. १९९७ साली युनेस्कोने ते गाव जागतिक वारसा ठरवलं. मी ते पाहिलेलं नाही. पाहिलाय तो रत्नदुर्ग, घोड्याच्या नालासारखा, तीन बाजूंनी समुद्र घेऊन बसलेला, आत भगवतीचं देऊळ. त्यामुळे तुकड्यावरचा तपकिरी तट जुळवताना माझ्या डोळ्यांपुढे ओद नदी येत नाही, भगवती बंदराची बाजू येते.

या खेळात मला सगळ्यांत पहिल्यांदा काय भावलं असेल तर डाव सुरू होताना पट नसतो. बुद्धिबळाची चौसष्ट घरं आधीपासून असतात. सारीपाटाच्या चार भुजा कापडावर शिवलेल्या असतात. नवकंकरीच्या रेघा तर जुन्या देवळांच्या फरशीवर, किल्ल्यांच्या पायऱ्यांवर कुणीतरी कधीच कोरून ठेवल्यात. इथे चटईवर एकच तुकडा ठेवायचा. उरलेले एकाहत्तर पालथे किंवा पिशवीत. जो येईल तो काढायचा, जागा शोधायची, ठेवायचा. हवा असेल तर त्यावर आपल्या रंगाचा एक लाकडी माणूस उभा करायचा: शहरात सरदार, रस्त्यावर वाटमाऱ्या, मठात साधू. ज्या शहरात, ज्या रस्त्यावर आधीच कुणाचा माणूस आहे तिथे आपला घालता येत नाही. शहर पुरं झालं, रस्त्याची दोन्ही टोकं बंद झाली, मठाला आठही दिशांनी शेजार मिळाला, की गुण घ्यायचे आणि माणूस परत हातात. डाव संपतो तेव्हा चटईवर एक मुलूख पसरलेला असतो, जो तासाभरापूर्वी कुठेच नव्हता. तो कुणा एकाने केलेला नसतो. माझ्या शहराचा अर्धा तट भाच्याने लावलेला असतो, कधी मला मदत म्हणून, पण बहुतेक वेळा मला अडवायचं म्हणून.

अडवण्याची कला आमच्याकडे नवी नाही. बदाम सात खेळलेल्या कुठल्याही घरात आठ्ठा हातात दाबून बसलेला एक माणूस असतोच. भाचा तसा आहे. माझ्या शहराला शेवटचं एक भोक उरलं की तो आपला तुकडा शेजारी असा ठेवतो, की त्या भोकाला आता तीन बाजूंनी शहर आणि चौथ्या बाजूने रस्ता लागावा. तसे तुकडे पिशवीत अगदी मोजके, आणि ते आधीच लागून गेलेले. माझा सरदार मग त्या अर्धवट तटात डाव संपेपर्यंत उभा. सातच माणसं खेळायला असतात, त्यातला एक असा अडकला की हात दुखावल्यासारखा वाटतो.

भाचीला शहरांशी देणंघेणं नाही. ती मठाची वाट बघते. मठाचा तुकडा आला की ‘पावस, पावस’ म्हणून ओरडते, कारण मठ म्हणजे तिच्या लेखी स्वामी स्वरूपानंदांचा पावसचा मठ, दुसरा कुठला असू शकत नाही. मठाला सगळ्या बाजूंनी शेजारी मिळाले की नऊ गुण. ती प्रत्येकाला विनवते, माझ्या मठाच्या बाजूला ठेवा ना. आणि गंमत अशी की ठेवतात. आत्याही ठेवते, स्वतःचं नुकसान करून ठेवते. खेळात त्याचा हिशेब कुठे धरलेला नाही.

पण आत्याचा खरा खेळ शेतात असतो, आणि तिथेच या खेळाने मला धरून ठेवलंय.

शेतातला माणूस आडवा ठेवायचा असतो. बाकीचे उभे, हा निजलेला. तो एकदा ठेवला की डाव संपेपर्यंत परत मिळत नाही. मधल्या काळात तो एकही गुण देत नाही. शेवटी, सगळे तुकडे संपल्यावर, ते शेत ज्या ज्या पुऱ्या झालेल्या शहरांना टेकलं असेल त्या प्रत्येकाचे तीन गुण शेतवाल्याला मिळतात. अर्धवट शहराचं काही मिळत नाही. म्हणजे शेतात निजलेल्या माणसाचं भलं दुसऱ्याची शहरं पुरी होण्यात असतं. हे आत्याला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. चौथ्या-पाचव्या पाळीलाच ती एक माणूस आडवा टाकते आणि मग भाच्याचं शहर स्वतःच्या तुकड्याने पुरं करून देते. भाचा खूश होतो, गुण घेतो, त्याचा लाकडी सरदार हातात परत येतो. आत्याचा माणूस तिथेच.

तिचा सगळा जन्म याच हिशेबात गेला. खेळाच्या कथेत शेतं शहरांना धान्य पुरवतात. कोकणात उलटं होतं. काजू, वरी, नाचणी, एक पीक भात, यांवर इथलं घर वर्षभर चाललं नाही. चाललं ते मुंबईच्या मनीऑर्डरवर. गिरणगावातल्या खोलीत दहा-दहा माणसं राहायची, पाळीपाळीने झोपायची, आणि त्यांच्या पगारातून इथल्या घराची कौलं शाकारली जायची, बैल घेतला जायचा. शहर भरभराटीला आलं तर शेत तगायचं. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढे एकेक गिरणी बंदच राहिली, तेव्हा या जिल्ह्यातल्या कितीतरी वाड्यांत परतलेले पुरुष होते आणि पोस्टमनची वाट बघणं थांबलं होतं. आत्या तेव्हा लावणीला उतरायची. आता तिला शहर पुरं होण्याची किंमत विचारावी लागत नाही.

शेताचा आणखी एक नियम आहे. एका शेतात दोघांची माणसं निजली असतील, म्हणजे आधी वेगळी असलेली दोन शेतं नंतर एखाद्या तुकड्याने जोडली गेली असतील, तर ज्याची माणसं जास्त त्याला सगळे गुण. कमीवाल्याला काही नाही. सारखी असतील तर दोघांनाही पुरे. भाच्याला हा नियम फार आवडतो. तो आत्याच्या मोठ्या शेताच्या कडेला कुठेतरी दोन छोटी शेतं धरतो, दोन्हींत एकेक माणूस घालतो आणि जोडणाऱ्या तुकड्यांची वाट बघत बसतो. आमच्याकडे याला बांध कोरणं म्हणतात. दरवर्षी नांगरताना शेजाऱ्याच्या बांधाची बोटभर माती आपल्यात घ्यायची. दहा वर्षांनी हातभर होते, आणि मग तिसरी पिढी कोर्टात जाते.

सगळे गुण एकालाच, हे वाचताना रत्नागिरीच्या माणसाला खोती आठवल्यावाचून राहत नाही. या जिल्ह्यातली कितीतरी गावं खोती होती. सरकारचा सारा गोळा करायचं काम खोताचं, आणि साऱ्याच्या वर कुळाकडून जे निघेल ते त्याचं. भाताचा वाटा, वेठ, आंब्या-फणसावरचा हक्क, कधी घराच्या जागेवरचाही. कसणारे घरोघर, आणि पीक एका घरात. ज्यांचं मूळ गाव मंडणगड तालुक्यातलं आंबडवे, त्या बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं. पुढच्या जानेवारीत हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने गेले, त्यांत कोकणातल्या बोटींनी गेलेली कुळं होती. कायदा यायला १९४९ उजाडलं. कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा दिवस धरून कसणाऱ्याला जमिनीचा मालक केलं. हे सगळं आम्ही शाळेत एका परिच्छेदात शिकलो. शेतात आडव्या निजलेल्या लाकडी माणसाकडे बघताना मला ते पहिल्यांदा नीट कळलं: डावभर तिथे असणं ही एक गोष्ट, आणि शेवटी त्याचं काहीतरी मिळणं ही दुसरी. दोन्हींमध्ये फक्त नियम उभा असतो, आणि नियम माणसं बदलू शकतात.

रस्त्याचंही असंच. तुकड्यावरून रस्ता गेला की शेत दुभागतं; अलीकडचं तुझं, पलीकडचं कुणाचंही. आत्या रस्त्याच्या तुकड्यांना घाबरते. कोकण रेल्वे १९९८ साली पूर्ण झाली त्याच्या आधी आमच्या नात्यातल्या एका घराच्या मळ्यातून आखणीचे खुंट गेले होते. आता हायवेच्या चौपदरीकरणात तेच. मळ्याचे दोन मळे झाले, विहीर एकीकडे राहिली आणि माड दुसरीकडे. गाडी सुरू झाल्याचा आनंद सगळ्यांना झाला, त्या घरालाही झाला; मुंबई एका रात्रीवर आली. तरी तिथली म्हातारी शेवटपर्यंत रुळांपलीकडच्या तुकड्याला ‘आपलं’ म्हणायची, जरी तिकडे जायला अर्धा तास वळसा पडायचा.

लढाई नाही म्हणून आत्या खेळायला बसली हे मी विसरत नाही. खेळात किल्ले आहेत, सरदार आहेत, पण कुणी कुणाला मारत नाही. सोंगटी पटावरून उचलून टाकली जात नाही. जागा कमी पडते, अडवणूक होते, वाटा जातो, एवढंच. मुलूख असा हातचा जाऊ शकतो हे रत्नागिरीला चांगलं माहीत आहे, आणि तो लढाईने कसा जातो हेही. १८८५ च्या नोव्हेंबरात इंग्रजांनी ब्रह्मदेश घ्यायला काही आठवडे पुरले. तिथल्या राजा थिबाला पुढच्या वर्षी इथे आणून ठेवलं. त्याच्यासाठीचा राजवाडा १९१० साली बांधून झाला, भाट्याच्या खाडीवरच्या टेकडीवर, जांभ्या दगडाचा. सहा वर्षांत तो गेला. ज्याच्या हातात एक आख्खा देश होता तो तीस वर्षं दुसऱ्याने दिलेल्या जागेत राहिला. मी त्या टेकडीवर गेले की खाली काजळी नदी समुद्राला मिळताना दिसते आणि त्याला रोज तेच दिसत असेल असं वाटतं.

नदीवरून भाची एकदा अडून बसली होती. नव्या खोक्यात नदीचे बारा तुकडे वेगळे येतात. डाव त्यांनी सुरू करायचा, उगमापासून. आमच्या चटईवर नदी वळणं घेत खांबापर्यंत आली आणि शेवटचा तुकडा निघाला तो तळ्याचा. नदी तळ्यात संपत नाही, असं तिचं म्हणणं. नदी दर्यालाच जाते. नियम वाचून दाखवला, पटला नाही. शेवटी तिने तो तुकडा चटईच्या अगदी कडेला सरकवला आणि सांगितलं, ह्याच्यापुढे समुद्र आहे, तो दिसत नाही. तेव्हापासून आमच्या घरी नदी ओटीच्या पायरीच्या दिशेनेच वाहते. नदीमुळे शेतंही वेगवेगळी होतात, दोन काठांची दोन. त्यामुळे डावाच्या सुरुवातीलाच प्रत्येकाला काठ निवडावा लागतो. मला तो पहिला भाग फार आवडतो. अजून कुणाचा माणूस जमिनीवर नाही, फक्त पाणी आणि दोन्हीकडे हिरवं.

शेवटची मोजणी मात्र तात्यांशिवाय होत नाही. तात्या शेजारचे, निवृत्त तलाठी. ते खेळत नाहीत. खुर्ची ओढून बसतात, चहा घेतात आणि वाट बघतात. तुकडे संपले की चष्मा लावून खाली उतरतात आणि शेतावरून बोट फिरवायला लागतात. हे शेत इथून निघालं, ह्या तटाला टेकून असं खाली आलं, इथे रस्ता आडवा, रस्त्याला मोकळी वाट आहे का? आहे, हे बघा, ह्या शहराच्या कोपऱ्याशी दोन बोटं हिरवं आहे. म्हणजे हे शेत आणि ते शेत एकच. ह्यात माणसं किती? आत्यांची दोन, तुझी दोन. सामाईक. दोघांना पुरे. भाचा वाद घालतो, तो कोपरा बंद आहे म्हणतो, कंदील जवळ आणतात. तात्या पुन्हा पहिल्यापासून बोट फिरवतात, तितक्याच सावकाश. आयुष्यभर त्यांनी भावाभावांच्या पोटहिश्श्यांवर असंच बोट ठेवलं, आणि त्यांच्याभोवती उभ्या माणसांचे श्वास तेव्हाही असेच अडकलेले असणार. फरक इतकाच की इथे निकाल लागल्यावर सगळे एकाच पंगतीला पेजेला बसतात.

खेळाच्या नव्या नियमपत्रकात शेतकरी हा पूरक नियम म्हणून मागे दिलेला आहे. पहिले डाव त्यांच्याशिवाय खेळावेत अशी सूचना आहे, कारण शेताचा हिशेब नवख्यांना अवघड जातो. पुण्यात भाचा ज्या मित्रांबरोबर खेळतो त्यांनी शेतकरी कायमचे डब्यातच ठेवलेत. डाव लवकर संपतो म्हणे. मला हे मुळीच मान्य नाही. शेतकरी काढले की उरतात ती शहरं आणि रस्ते, ज्यांतून माणूस आज घातला, उद्या काढला. ज्याला तुकडा चांगला आला तो जिंकला. हिरवा रंग मग नुसती मधली मोकळी जागा होते. धीर धरायला लावणारी, दुसऱ्याचं चांगलं व्हावं असं वाटायला लावणारी जी एकच गोष्ट खेळात आहे ती निघून जाते. तुमच्या घरी हा खेळ असेल, किंवा या पावसाळ्यात कुणी आणला, तर पहिल्या डावापासून शेतकऱ्यांसकट खेळा. मोजणीला वेळ लागेल. लागू द्या, आणि बोट फिरवायला घरातलं सगळ्यांत म्हातारं माणूस बसवा.